अकरा फुटांवरची नदी

सदूआण्णा मुळीकांच्या घरातलं चित्र बघायचं असेल तर त्यांच्या घरात जायचं नाही, ही पहिली अट होती. चित्र खोलीत आणि बघणारा गल्लीत. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतून नदीकडे उतरणाऱ्या आमच्या गल्लीत, त्यांच्या पायऱ्यांपुढे, सिमेंटच्या रस्त्यावर त्यांनी पिवळ्या ऑइलपेंटची बोटभर जाड रेघ मारली होती. पावलं रेघेला लावून उभं राहायचं, हात पाठीमागे बांधायचे आणि उघड्या दारातून समोरच्या भिंतीकडे बघायचं. कुणाचं पाऊल बोटभर जरी पुढे सरकलं तरी आतून आवाज येई, "रेघ."

एवढंच. पोस्टमनला रेघ, सिलिंडरवाल्याला रेघ, मांजरालाही रेघ. पोस्टमननं शेवटी कंटाळून पत्रं बाहेरूनच भिरकवायला सुरुवात केली होती आणि त्याचा नेम इतका पक्का झाला होता की पाकीट थेट आण्णांच्या खाटेवर पडे. रिक्षावाल्यांशी तर रोजची हमरीतुमरी. कुणी चित्र बघत उभं असलं की येणाऱ्या रिक्षानं थांबलंच पाहिजे, असा आण्णांचा दंडक होता. "दोन मिन्टं थांबलास तर टायर सुकतंय व्हय तुझं?" असं ते आतूनच ओरडत. रिक्षावाला बडबडत इंजिन बंद करी, कारण त्याच्या रिक्षाच्या पाठीवरचा वाघ आण्णांनीच काढलेला असे.

मी गणिताचा मास्तर. अठ्ठ्याण्णव साली त्यांच्या शेजारच्या घरात, माडीवर, भाड्यानं राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात टेप घेऊन रेघेपासून चित्रापर्यंतचं अंतर मोजलं; टेपचं आतलं टोक आण्णांनी धरलं. सगळी गल्ली अकरा फूट म्हणत होती. भरलं अकरा फूट दीड इंच. मी तसं आण्णांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे आणि टेपकडे आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाले, "टेप बदला, मास्तर."

ती रेघ एका पावसाळ्यात पाण्याखाली गेली. त्या दिवसापर्यंत मी त्यांना एक नमुना समजत होतो आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये त्यांच्या नकला करून चहाबरोबर हशा मिळवत होतो. ती हकिकत सांगायची तर आधी चित्र सांगायला हवं.

आठ फूट रुंद, साडेसहा फूट उंच. नदीवरची सकाळ. अलीकडे घाटाच्या चार दगडी पायऱ्या, दोन बाया धुणं धुतायत, पाण्यात एक म्हैस बसली आहे. पलीकडच्या काठाला उसाचा हिरवा पट्टा आणि त्यामागून वर चढणारा गुऱ्हाळाचा धूर. एक रिकामी होडी. बस्स. कुठे काही घडत नाही. पण रेघेवर उभं राहिलं की ते पाणी हलायचं. मी हे शपथेवर सांगतो, आणि मी ऊठसूट शपथा घेणारा माणूस नाही. ऊन पाण्यावर पडून फुटतंय, तुकडे सरकतायत, होडी आत्ता डुलेल असं वाटे. माझी बायको पहिल्यांदा बघून आली तेव्हा म्हणाली, "पायाला गार लागलं हो."

आणि हे चित्र काढणारा माणूस कोण, तर पाट्या रंगवणारा. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार. आण्णांनी काढलेला वाघ म्हणजे वाघ आणि गाय म्हणजे गाय, शंकेला जागा नाही. पुढे पेठेत फ्लेक्स छापणारी दुकानं निघाली आणि त्यांचे ब्रश डब्यात वाळून गेले. असल्या ठणठणीत हातातून ही धूसर, थरथरती नदी कशी काय उतरली, हे मला कोडं होतं. विचारलं की ते म्हणत, "पाणी मी काढल्यालं न्हाई." कलावंतांना असं काहीतरी बोलावंच लागत असेल, अशी मी समजूत करून घेतली होती.

एकदा मुंबईहून चित्रकलेचे एक प्राध्यापक आले. खांद्यावर झोळी, चष्मा दोरीला. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की कोल्हापुरात एका बोळात इम्प्रेशनिस्ट पद्धतीचं मोठं चित्र आहे आणि ते रस्त्यावरून बघावं लागतं. त्यांनी रेघेवर उभं राहून पाऊण तास बघितलं. मागे तीन रिक्षा, एक हातगाडी आणि कडब्याची बैलगाडी तुंबली. प्राध्यापक पाण्यावर बोलले, प्रकाशावर बोलले. मग त्यांचं लक्ष डावीकडच्या खालच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे हातभर जागेत पाणी हलत नव्हतं. सपाट, राखाडी, पत्र्यासारखं होतं. "आणि हा कोपरा," ते म्हणाले, "इथे चित्रकारानं जाणूनबुजून मौन पाळलं आहे."

"तितं काम ऱ्हायलंय," आण्णा म्हणाले.

प्राध्यापकांना हे उत्तर फारच आवडलं. त्या भरात ते दोन्ही पायऱ्या चढून उंबऱ्यात पोचले आणि चष्मा लावून मान पुढे काढणार, तोच आण्णांनी खाटेवरून उडी मारून त्यांची झोळी धरली आणि तिच्यासकट त्यांना खाली उतरवलं. प्राध्यापक रागावून गेले. चित्र मुंबईच्या प्रदर्शनात न्यायचं ठरत होतं, ते तिथेच संपलं. तसंही ते जाणार कसं होतं, हा प्रश्न होताच. आण्णांनी चौकट खोलीत ठोकली होती, कापड खोलीत ताणलं होतं, आणि दार होतं सव्वापाच फूट उंच, वाकून जावं लागणारं. पाट्या रंगवण्यात जन्म गेलेल्या माणसानं दाराचं माप घेतलं नव्हतं. मी हे दाखवून दिलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "चित्र भाईर न्यायाचंच न्हवतं, मग दाराकडं कशाला बघू?"

अंतराचं हे वेड चित्रापुरतं नव्हतं. प्रत्येक माणसाला किती लांबून बघावं याचा त्यांचा एक हिशेब ठरलेला असे. गल्लीतला दूधवाला चार फुटांचा. त्यांचा पुतण्या वर्षातून एकदा कागलहून येई, तो पंधरा फुटांचा. एका नगरसेवकाला तर त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "तुला पार गावाभाईर, शिरोलीच्या नाक्यावरनं बघाय पायजे." मी एकदा हौसेनं माझं माप विचारलं. ते म्हणाले, "सा फूट. सा फुटांवरनं तुमी बरं माणूस वाटताय. त्याच्या अल्याड आलासा की शिकवाय लागताय."

घरात ते एकटेच. मूलबाळ नव्हतं. बायको, पारूअक्का, मी गल्लीत येण्याच्या आदल्या वर्षी वारली होती. तीन वर्षं अर्धांगानं खुर्चीला खिळून होती, इतकंच मला ठाऊक होतं. ती खुर्ची चित्राशेजारी भिंतीला लावलेली होती आणि तिच्यावर कुणी बसत नसे. मी त्याबद्दल कधी काही विचारलं नाही. विचारायला सहा फूट पुरत नाहीत.

तर तो पावसाळा. बाहेरगावच्या लोकांना वाटतं पूर म्हणजे लोंढा. आमच्याकडे तसं नसतं. खाली कुरुंदवाडकडे संगमावर कृष्णेनं पाणी घेतलं नाही की आमची पंचगंगा जागच्या जागी फुगते. आवाज न करता पाणी पायरी पायरी चढतं. म्हणून तर कोल्हापुरात लोक सहकुटुंब पूर बघायला जातात, भाजलेली कणसं खातात आणि घरी येऊन किती पायऱ्या उरल्या याच्या गप्पा मारतात. त्या वर्षीही पहिले दोन दिवस तसेच गेले. मग राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली आणि कणसंवाले गायब झाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या खालच्या टोकाला पाणी दिसलं. बायकोला आणि मुलीला मी बहिणीकडे राजारामपुरीत पोचवून परत आलो, माडीवरचं सामान राखायला. गल्ली रिकामी होत होती. कुणी टीव्ही डोक्यावर घेऊन चाललं होतं, कुणी शेळी ओढत. आण्णा दारात स्टूल टाकून बसले होते, नजर रेघेवर.

"आण्णा, चला," मी म्हणालो.

"मागच्या पुराला पाणी रेघंपातुर आलतं आणि परत गेलतं. रेघ वलांडली तर बघू."

दुपारी पाणी रेघेला टेकलं. पिवळ्या रंगावर एक पातळ थर आला, रेघ जरा वाकडी दिसायला लागली, आणि मग गढूळ पाण्यात ती दिसेनाशी झाली. मी आण्णांच्या तोंडाकडे बघत होतो. वाटलं, आता म्हणतील, "रेघ." त्यांनी नुसतं स्टूल उचलून वरच्या पायरीवर ठेवलं आणि पुन्हा बसले.

मला भीती वाटली की मी आकडेमोड करतो. खडूनं मी भिंतीवर खुणा केल्या. रात्री पाणी जेमतेम चढलं, पहाटेपासून मात्र तासाला दोन इंच चढत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ते त्यांच्या उंबऱ्यातून आत शिरलं. चित्राची खालची कड जमिनीपासून सव्वा फुटावर. म्हणजे दुपारी साडेतीनपर्यंत वेळ होता. मी हे त्यांना सांगितलं. चित्र वर सरकवायला जागा नव्हती, कारण त्याची वरची कड कौलांखालच्या वाशाला भिडलेली होती. आण्णा खाटेवर पाय वर घेऊन बसले होते आणि चपला खोलीभर फिरत होत्या. "साडेतीन," ते म्हणाले. "मग लई येळ हाय."

दहा वाजता वरून पाऊस आणखी वाढला आणि माझं गणित कोसळलं. पाणी तासाला चार इंच चढायला लागलं. मी पुन्हा हिशेब केला. पाऊण वाजता पाणी चित्राला लागणार होतं. तेवढ्यात तालमीचे चार गडी ट्रॅक्टरच्या ट्यूबा आणि दोर घेऊन, मांड्यांपर्यंत पाण्यातून वाट काढत आले. पुढे बाळू पैलवान होता, दारापेक्षा रुंद.

"आण्णा, चला. ट्यूबंवर बसवून न्हेतो."

"मी येतो की. आदी ह्ये न्यायाचं." आण्णांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

बाळूनं चित्राकडे बघितलं, मग दाराकडे, मग परत चित्राकडे. "ह्ये आत गेलंच कसं?"

"गेलंच न्हाई. हितंच झालंय."

"मग कापूया की. चार तुकडं करू, मागनं जोडून घ्या." बाळूच्या कमरेला दोर तोडायचा कोयता होता, त्यावर त्याचा हात गेला.

आण्णा पाण्यात उतरले आणि चित्राकडे पाठ करून, हात पसरून उभे राहिले. सत्तरीचा, सुकलेला माणूस, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं. त्यांची हनुवटी हलत होती. मी दारात होतो आणि मला स्वच्छ दिसलं की हा माणूस इथून जाणार नाही. उचलून नेला तर पोचल्यावर जगणार नाही. तोपर्यंत मी त्या साऱ्याला हट्ट म्हणत होतो.

"आण्णा, खिळे काढू," मी म्हणालो. "चौकट राहू दे. कापड सोडवू आणि गुंडाळून नेऊ."

"गुंडाळलं तर ठिपकं उडत्याल."

"नाही गुंडाळलं तर सगळंच जाईल."

त्यांनी पाण्याकडे बघितलं. पाणी अजून चित्रापासून पाच बोटं खाली होतं. मग ते म्हणाले, "तुमी एकटंच आत या. बाकीचं समदं रेघंच्या मागं."

"आण्णा, रेघ कवाच बुडाली," बाळू म्हणाला.

"बुडाली म्हणून काय झालं? हाय तितंच हाय ती. तू आत्ता तिच्यावर हुबा हाईस. वीतभर मागं सर."

आणि ते चार पैलवान, मांड्यांपर्यंत पाण्यात, डोक्यावर पाऊस घेत, खाली बघून वीतभर मागे सरले. त्यातल्या एकानं तर हातसुद्धा पाठीमागे बांधले.

सात वर्षांत मी पहिल्यांदा त्या चित्राजवळ गेलो. आण्णांनी मला पक्कड दिली आणि स्वतः जुन्या कात्रीचं टोक घेतलं. वरचे खिळे खाटेवर चढून काढले, मग दोन्ही बाजूंचे. खालचे काढायला मी पाण्यात गुडघे टेकले आणि माझं तोंड त्या नदीपासून वीतभर अंतरावर आलं. जवळून म्हैस ही म्हैस होती, पायऱ्या या पायऱ्या, ब्रशचे सरळ, शिकलेले फटकारे. पण पाण्यात ब्रश कुठेच नव्हता. नुसते ठिपके होते. जाड रंगाचे, निळे, पांढरे, पिवळट, हजारो. मी आणखी जवळ गेलो. प्रत्येक ठिपक्यात बारीक गोल रेषा उमटल्या होत्या, अंगठा उठवल्यावर कागदावर येतात तशा. बोट लहान होतं. आण्णांचं नव्हतं.

मी मान वर केली. ते माझ्याकडेच बघत होते.

"खिळं काढा, मास्तर," ते म्हणाले. मग काढता काढताच बोलत राहिले, माझ्याकडे न बघता. "तिचं म्हायेर कुरुंदवाडचं. नदीत वाढल्याली. लगीन झाल्यापास्नं मला म्हणायची, तुमची म्हस झ्याक, झाडं झ्याक, पाणी तेवढं मेल्यालं असतंय. खरंच हुतं ते. माझं पाणी पत्र्यावाणी व्हायचं. मग तिच्या अंगावरनं वारं गेलं, उजवा हात गेला, बोलणं गेलं. म्हटलं, हिची नदी घरात आणू. आणली. समदं झालं आणि पाणी परत पत्रा."

एक खिळा पाण्यात पडला. ते थांबले नाहीत.

"एक दिस मी आत भाकऱ्या करत हुतो. येऊन बघतोय तर हिनं डाव्या हाताचं बोट रंगात बुडवून पाण्यावर टेकवल्यालं. धा-बारा ठिकानी. मी वराडलो, मास्तर. बोलता न येणाऱ्या बाईवर वराडलो. तोंडाला येईल ते बोललो आणि रागानं पायऱ्या उतरून गल्लीत जाऊन हुबा ऱ्हायलो. आणि तितनं मागं वळून बघितलं."

त्यांनी पुढचा खिळा धरला.

"पाणी हलत होतं," मी म्हणालो.

"व्हय."

"म्हणजे ती रेघ..."

"मी हुबा हुतो तितं मारली. फुटं तुमी मोजलासा."

त्यानंतर रोज सकाळी ते तिची खुर्ची चित्रापाशी ओढत, रंगाची ताटली तिच्या मांडीवर ठेवत, आणि तिला जमेल तेवढे ठिपके ती टेकवी. रोज खुर्ची बोटभर डावीकडे. वरची ओळ संपली की खालची, पुन्हा उजवीकडून. डावीकडचा खालचा कोपरा शेवटी यायचा होता. खुर्ची तिथपर्यंत पोचली नाही. त्या कोपऱ्याला आण्णांनी नंतर हात लावला नव्हता.

"मग लोकांना जवळ का येऊ देत नाही, आण्णा?"

"जवळनं बघितलं की समजतंय. समजलं की म्हंत्यात, बिचारी. तिला बिचारी म्हटल्यालं खपायचं न्हाई." त्यांनी शेवटचा खिळा ओढला. "लांबनं बघितलं की म्हंत्यात, काय पाणी काढलंय."

मला स्टाफरूममधल्या माझ्या नकला आठवल्या. "रेघ" म्हणताना मी मान कशी ताठ करायचो, तेही आठवलं. शरमेनं माझे कान तापले, आणि पाण्यात गुडघ्यांवर बसून, हातात पक्कड असताना शरमेचं करायचं काय हे मला कळेना.

गुंडाळायला माझ्या माडीवरून गादी आणली होती. तिची घट्ट वळकटी करून तिच्याभोवती कापड फिरवायचं ठरलं. "रंग भाईरच्या अंगाला," आण्णा म्हणाले, "आत गेला तर चिरडंल." आम्ही दोघांनी दोन टोकं धरली. पहिला वेढा नीट बसला. दुसऱ्या वेढ्याला कापड कुरकुरलं आणि एक निळा ठिपका सुटून पाण्यावर पडला. तो बुडाला नाही. गढूळ पाण्यावर तरंगत, हळूहळू दाराकडे निघाला.

आण्णांचे दोन्ही हात गुंतलेले होते. ते त्या ठिपक्याकडे बघत राहिले आणि मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर."

मी माझं टोक छातीनं दाबून धरलं आणि हात लांब करून ठिपका ओंजळीत घेतला. मग आणखी एक सुटला, मग तीन एकदम. गुंडाळून होईपर्यंत बरेच गेले. मी तीन पकडले. बाकीचे उंबऱ्यावरून बाहेर गेले आणि पैलवानांच्या मांड्यांमधून नदीकडे निघून गेले. ते तीन मी शर्टाच्या खिशातल्या चुन्याच्या डबीत घातले. तोवर पाणी रिकाम्या चौकटीच्या खालच्या पट्टीला लागलं होतं. माझ्या घड्याळात बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

ताडपत्रीत बांधलेली ती वळकटी बाळूनं खांद्यावर घेतली. आण्णांना ट्यूबवर बसवलं. गल्लीच्या वरच्या वळणापर्यंत ते मागे वळून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "आडवी धर, आडवी धर." आमच्या शाळेच्या वरच्या मजल्यावर, आठवी ब च्या वर्गात, बाकं जोडून आम्ही ते कापड उलगडलं. आण्णांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाणी तपासलं, बोटाचं टोक वरून फिरवत, न टेकवता. कुठे कुठे ठिपके गेलेत ते त्यांना पाठ होतं. शेवटी ते बाकावर बसले. "नदी वाचली," ते म्हणाले आणि रडले. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. सहा फुटांचा माणूस दुसरं काय करणार.

आठवड्यानं पाणी उतरलं. गल्लीत ढोपरभर चिखल होता. लोक घरातला चिखल बादल्यांनी बाहेर काढत होते. आण्णा मात्र खुरपं घेऊन रस्त्यावर बसले होते आणि पायऱ्यांपुढचा चिखल खरवडत होते. तासाभरानं खालून पिवळा रंग दिसला. रेघ जशीच्या तशी होती. ती बघितल्यावर ते उठले आणि मग घर साफ करायला आत गेले. खुर्ची दाराच्या कोपऱ्यात अडकून राहिली होती. ती त्यांनी स्वतःच धुतली.

नवी चौकट करायची वेळ आली तेव्हा मी पुन्हा बोललो. या वेळी दोन भागांत करा, बिजागरी लावा, दारातून निघेल अशी करा. सुतारही माझ्या बाजूचा होता. आण्णांनी ऐकून घेतलं आणि खोलीत बसून पुन्हा आठ बाय साडेसहाची अखंड चौकट ठोकून घेतली. "पुन्हा पाणी आलं तर?" मी विचारलं.

"तुमी हाईसा की," ते म्हणाले.

दसऱ्याच्या आधी चित्र भिंतीवर चढलं. मी शाळेतून येताना रेघेवर थांबलो, पावलं जुळवली, हात बांधले. पाणी हलत होतं. गेलेल्या ठिपक्यांचा लांबून काही पत्ता लागत नव्हता. तेवढ्यात आत काहीतरी पिवळं दिसलं. खोलीतल्या फरशीवर, चित्रापासून तीन फुटांवर, हातभर लांबीची एक नवी रेघ होती. रंग अजून ओला होता.

"ही कुणाची?" मी बाहेरूनच विचारलं.

आण्णा खाटेवर ब्रश पुसत बसले होते. "तुमची. पर शिकवायचं न्हाई."

मी चपला काढल्या आणि आत जाऊन त्या रेघेमागे उभा राहिलो. तिथून सगळं दिसत होतं. बोटांच्या गोल रेषा, ठिपके उडालेल्या जागा, मी पकडलेले तीन परत आपापल्या ठिकाणी चिकटवलेले, आणि तो कोपऱ्यातला पत्रा. मला पुष्कळ काही म्हणायचं होतं. मी हात पाठीमागेच ठेवले. थोड्या वेळानं आण्णा उठून आत गेले आणि चहाचं आधण ठेवलं.